ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर माफीचं शूटिंग

ग्वाल्हेरला निघालेल्या माणसाला सगळे एकच सांगतात, किल्ला चुकवू नका. मी चुकवला नाही. निळ्या फरशांची ती भिंत, तिच्यावरची पिवळी बदकं, खाली धुक्यात बुडालेलं शहर, सगळं पाहिलं. फक्त मी ते पाहिलं एका विमान कंपनीच्या कॅमेऱ्यामागं दगडावर बसून. आणि त्या वेळी माझ्या नणंदेची मुलगी भिंतीपुढं उभी राहून, न केलेल्या चुकीची माफी मागायची तालीम करत होती. प्रवासाला जाऊन आल्यावर माणूस जरा प्रसन्न होतो म्हणतात. मी चिडून आले, आणि लिहायला बसले तरी चीड गेलेली नाही. ज्यांना निव्वळ प्रसन्न वाचायचं असेल त्यांनी बेडई आणि जिलबीचा मजकूर तेवढा वाचावा.

मी कोल्हापूरची. एका खाजगी हॉस्पिटलात सिस्टर म्हणून लागले आणि मेट्रन होऊन निवृत्त झाले. नोकरीत असताना ग्वाल्हेरची नणंद दरवर्षी बोलवायची आणि दरवर्षी माझी रजा आडवी यायची. या वर्षी संक्रांतीच्या आधी तिचा फोन आला, "वहिनी, या वेळी येऊनच जा." आवाज नेहमीचा नव्हता. नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं त्याला घरी ठेवून मी एकटीच रेल्वेत बसले.

दाना ओली

थंडी म्हणजे काय हे कोल्हापूरकरांना माहीत नाही, हे मला ग्वाल्हेरच्या फलाटावर पाय ठेवताच कळलं. आपल्याकडं स्वेटर काढतात तो हौसेनं. इथं माणसं चेहऱ्याचा डोळ्यांपुरता भाग उघडा ठेवून फिरतात. अशाच एका माकडटोपीतून आवाज आला, "वहिनी, गाडी लेट होऊन गेली ना?" ते माझे नंदावा, विनायकराव. टॅक्सचे वकील आहेत, ऑफिस दाल बाज़ारात.

ई-रिक्षातून आम्ही लष्कर नावाच्या जुन्या वस्तीत शिरलो आणि तिथून दाना ओलीत. ओली म्हणजे आळी. घरं एकमेकांना इतकी चिकटलेली की समोरच्या घरातल्या भाजीला फोडणी पडली की आपल्याला शिंक येते. या भागात मराठी घरं बरीच आहेत. कुणाचे पूर्वज दरबारात कारकून, कुणाचे पुरोहित, कुणाचे फौजेत. आता त्यांची नातवंडं-पतवंडं डॉक्टर, वकील, बँकवाले. मराठी सगळ्यांना येतं, पण ते पिढ्यान् पिढ्या हिंदीच्या शेजारी राहिलेलं मराठी आहे. दारातच उषावन्सं म्हणाल्या, "आधी गरम पाण्यानं नहाऊन घ्या, मग खाणं खाऊन घ्या." मला आधी हसू आलं. नंतर वाटलं, आपण कोल्हापुरात तरी कुठं पुण्याचं बोलतो?

जेवताना गार्गी समोर बसली. उषावन्संची एकुलती एक मुलगी, पंचविशीतली, विमानात केबिन क्रू. फोनवर मी तिच्या छोट्या छोट्या चित्रफिती पाहिलेल्या, रील म्हणतात ते. अंबाडा न सुटता कसा बांधावा, छोट्या बॅगेत चार दिवसांचे कपडे कसे बसवावेत, असलं काहीतरी. मोरपंखी गणवेश, ओठांवर लाली आणि अगदी मापातलं हसू. ती मुलगी आता जुना स्वेटर घालून वरणात पोळी कुस्करत होती.

"सुट्टीवर आहे ती," उषावन्सं म्हणाल्या. कुणी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या. मेट्रनच्या नोकरीत एवढं तरी शिकते बाई. न विचारता मिळालेलं उत्तर खोटं असतं.

मी कोल्हापूरची कांदा-लसूण चटणी नेली होती. विनायकरावांनी ती चिमटीत घेतली, जिभेला लावली आणि उठून पाणी प्यायला गेले. आमची फौज इतक्या लांब येऊन इथं इतकी मवाळ कशी झाली, ते देवाला माहीत.

सराफा, बेडई आणि हळदीकुंकू

दुसऱ्या दिवशी गार्गी मला सकाळीच सराफ्यात घेऊन गेली. दागिन्यांची दुकानं अजून उघडायची होती, पण कढया तापलेल्या होत्या. बेडई म्हणजे आत डाळीचं सारण भरलेली टम्म फुगलेली पुरी, सोबत पातळ रस्स्याची बटाट्याची भाजी, आणि लगेच त्यावर जिलबी. आपल्याकडं तिखटानंतर गोड खायला माणूस जरा थांबतो. इथं एक घास याचा, एक त्याचा. मी नाक मुरडत सुरुवात केली आणि दुसरी प्लेट मागवली. पुढं एका दुकानात तीळ आणि गूळ लाकडी हातोड्यांनी कुटून गजक करत होते. ताल धरून मारत होते. आमच्याकडं संक्रांतीला तिळगुळाची वडी, इथं हे गजक. पापडासारखं खुसखुशीत, दाताला लागायच्या आत विरघळणारं. या बाबतीत ग्वाल्हेर आमच्या पुढं आहे, हे मी लिहून देते. आमचे लोक मला घराबाहेर काढतील तर काढोत.

गार्गी तोंडाला ओढणी गुंडाळून चालत होती. थंडी म्हणून, असं मला वाटलं. महाराज बाडा नावाच्या मोठ्या चौकापाशी दोन कॉलेजच्या मुली तिच्याकडं वळून पाहायला लागल्या, एकीनं फोन वर केला, तशी ती माझा हात धरून भराभर चालायला लागली. माझी चप्पल गटाराच्या जाळीत अडकून तिथंच राहिली. एका पायात चप्पल घेऊन मी बाड्यावरून पळाले. वयाच्या साठीनंतर ग्वाल्हेर दर्शन हे असं.

"काय झालं ग?"

"काही नाही मामी. चला ना."

काय झालं ते त्याच दुपारी कळलं, शेजारच्या गल्लीतल्या हळदीकुंकवात. मराठी बायका जमल्या होत्या. हळदीकुंकू लावलं, वाणात प्लास्टिकचा डबा मिळाला (तो मात्र सगळ्या महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर एकच आहे), तिळगुळाच्या जागी गजकाचा तुकडा हातावर ठेवला, आणि यजमानीणबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं.

"तुम्ही मामी ना तिच्या? समजवा तिला. असं व्हिडिओ टाकणं चांगलं नाही लागत."

"कुठला व्हिडिओ?"

बाईंचा चेहरा उजळला. मला काहीच माहीत नाही म्हटल्यावर सांगायचा मान त्यांना मिळणार होता. त्यांनी सांगितलं आणि बाकीच्यांनी भर घातली. तिनं कंपनीविरुद्ध व्हिडिओ टाकला, लाखो लोकांनी बघितला, कंपनीनं कामावरून थांबवलं. आता लग्न कोण करणार? पप्पांची इतकी इज्जत. नोकरी म्हटली की छोट्या-मोठ्या गोष्टी तर होतच राहतात. आणि तिथंच, यजमानीणबाईंच्या काचेच्या कपाटात, गार्गीला मधे घेऊन काढलेला सगळ्यांचा फोटो होता. गार्गी गणवेशात. कंपनीनं तिला "आमचा चेहरा" म्हणून ढाल दिली होती, तेव्हाचा. फोटोत हसणाऱ्या बायका आणि समोर गजक चावणाऱ्या बायका त्याच होत्या.

मी डबा तिथंच ठेवून घरी आले.

"व्हिडिओ दाखव," मी गार्गीला म्हटलं.

तिनं फोन दिला. हॉटेलची खोली, साधा टी-शर्ट, केस मोकळे, लाली नाही. ती हिंदीत चारच वाक्यं बोलली होती. आज ड्युटीवर एका प्रवाशानं मला हात लावला. मी सांगितलं. मला म्हणाले, हसत राहा. उतरल्यावर माझ्या कंपनीनं त्याला सॉरी म्हटलं.

संपलं. कंपनीचं नाव नाही, त्या माणसाचं नाव नाही, विमान कुठून कुठं गेलं तेही नाही.

"मग कंपनीला कसं कळलं, तुमचीच कंपनी म्हणून?"

"मामी, माझे बाकी सगळे रील यूनिफॉर्ममधले आहेत ना. ते कंपनीनंच तर आपल्या पेजवर टाकले होते. बोलायचे, और बनाओ, और बनाओ." ती फोन उलटा ठेवत म्हणाली. "तेव्हा नियम नव्हता. आता बोलतात पॉलिसी आहे, कामाबद्दल बिना परमिशन काहीच नाही टाकायचं."

आता माझं मत सांगते, कारण ते मी कुणापासून लपवलेलं नाही. कामाच्या जागी फोन काढून नाचणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. माझ्या वॉर्डात एका सिस्टरनं ग्लानीत बडबडणाऱ्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ काढला होता. मी तो तिच्याकडून तिथल्या तिथं पुसून घेतला आणि तिला महिनाभर स्टोअरला बसवलं. रुग्णाचा चेहरा तुमचा नाही, त्याचं दुखणं तुमचं नाही. प्रवाशाचंही तेच. झोपलेला प्रवासी, रडणारं मूल, जेवण सांडलेली आजी, यांचे व्हिडिओ कुणी क्रू काढत असेल तर कंपनीनं बेलाशक बंदी घालावी, मी टाळ्या वाजवीन. पण या मुलीनं दाखवला तो स्वतःचा चेहरा. सांगितलं ते स्वतःच्या अंगाबद्दल. त्यावर परवानगी द्यायला ही कंपनी कोण? आणि मुलगी गोड हसते तोवर तिचा चेहरा फुकटच्या जाहिरातीला वापरायचा, आणि ती रडली की पॉलिसी काढायची, याला आमच्याकडं वेगळा शब्द आहे. तो छापता येत नाही.

त्याच दिवशी विनायकराव दुपारच्या चहाला घरी आले आणि त्यांनी मला वकिली समजावली.

"वहिनी, नौकरी म्हणजे करार असतो. हिनं सही केली आहे. उद्या प्रत्येक जण आपली शिकायत इंटरनेटवर टाकेल, तर कंपनी चालणार कशी? हिनं टाकायला नको होतं. मी पहिल्या दिवसापासून हेच सांगून राहिलोय."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो. किती समजावलं."

"आणि तिला काय झालं होतं, ते विचारलंत?"

ते कपाकडं पाहायला लागले. उषावन्सं दारात टॉवेलच्या घड्या घालत होत्या, त्या थांबल्या. त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं. हळदीकुंकवापासून मी व्हिडिओ, व्हिडिओ एवढंच ऐकत होते. व्हिडिओ टाकावा की नाही, पुसावा की नाही, किती लोकांनी पाहिला. त्या हाताबद्दल एक शब्द कुणी काढला नव्हता. आईनं नाही, बापानं नाही, आणि खरं तर त्या क्षणापर्यंत मीही नाही.

मग मी तिला विचारलं, जसं वॉर्डात विचारायचे तसं. आवाज न चढवता, न कुजबुजता.

"गार्गी, कुठं हात लावला त्यानं?"

तिनं वडिलांकडं पाहिलं. विनायकराव उठायला लागले, तसं मी म्हटलं, "बसा. तुम्ही ऐकलंच पाहिजे."

"ट्रॉली घेऊन जात होते," ती म्हणाली. "आयल सीटवर होता तो. इथं, कमरेला. मला वाटलं चुकून लागला. मी साइडला झाले. परत आले तेव्हा... तेव्हा चुकून नव्हता. पकडूनच ठेवलं. दाबून. आणि बाजूच्याला बघून हसला." तिचा आवाज मधेच बारीक झाला. "मी सीनियरला सांगितलं. ती बोलली, तू दुसऱ्या बाजूला जा, रेग्युलर पॅसेंजर आहे. मी ट्रॉली बदलून घेतली. त्यानं उतरताना कम्प्लेंट केली, एअर होस्टेस रूड होती म्हणून. त्याला सॉरीचा मेसेज गेला आणि पुढच्या तिकिटावर सूट. मला ते सीनियरनंच हसत हसत सांगितलं." मग ती वडिलांकडं वळली. "पप्पा, मी लाइक्ससाठी नव्हतं टाकलं. मला बस कोणाला तरी बतवायचं होतं. तुम्हाला फोन लावला होता. तुम्ही मीटिंगमध्ये होतात."

विनायकरावांनी कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला. मग ते आपली माकडटोपी काढून मांडीवर घेऊन बसले. टक्कल पडलेला, एकदम म्हातारा दिसणारा माणूस. उषावन्सं मुलीजवळ येऊन बसल्या आणि तिच्या कमरेवरून हात फिरवायला लागल्या, लहान मुलाला पडल्यावर फिरवतात तसा.

मग मी विचारलं, "कंपनीत तक्रार समिती असते बायकांसाठी. कायदाच आहे. आमच्या हॉस्पिटलात मी होते तिच्यावर. तिथं लेखी दिलंस?"

"मला कोणी बतवलंच नाही की द्यायचं असतं."

तिला तिची कंपनी काय काय शिकवते ते ऐका. लाली कुठल्या छटेची, नखं किती लांब, हसताना दात किती दिसावेत. समिती कुठं आहे, ते मात्र राहून गेलं! आणि हिचे वडील वकील. ते हळूच म्हणाले, "मला माहीत होतं. पण ती माझ्याशी यावर बोलेल, असं वाटलं नाही."

"तुम्ही विचाराल असं तिला वाटलं नाही," मी म्हटलं. जरा कडक झालं. झालं तर झालं.

किल्ला

कंपनीनं मात्र एक तोडगा काढला होता. लवकरच त्यांचं विमान ग्वाल्हेरला सुरू व्हायचं होतं. गार्गी ग्वाल्हेरची. तिनं गणवेश घालून किल्ल्यावर एक छोटा व्हिडिओ करायचा. त्यात म्हणायचं, त्या दिवशी माझा गैरसमज झाला होता, माझी कंपनी माझं कुटुंब आहे, आणि या, माझं शहर बघायला या. म्हणजे माफीही झाली आणि जाहिरातही. दिल्लीहून त्यांची सोशल मीडियाची बाई आणि एक कॅमेरावाला येणार होते. व्हिडिओ झाला की लगेच कामावर हजर.

"जाणार आहेस?" मी विचारलं.

"बघते," गार्गी म्हणाली. "मला नौकरी पाहिजे मामी. मला उडायला आवडतं."

मला निवृत्तिवेतन मिळतं. दुसऱ्याच्या नोकरीवर तत्त्वं सांगायला मला काय जातंय?

तर आम्ही दोघी गाडीनं उरवाई दरवाज्याच्या बाजूनं किल्ला चढलो. रस्त्याच्या कडेला कातळातच कोरलेल्या जैन मूर्ती आहेत, माणसाच्या कितीतरी पट उंच, शांत उभ्या. वर मानमंदिर नावाच्या राजवाड्याची भिंत. त्या निळ्या फरशा इतकी शतकं ऊन खाऊन अजून निळ्या आहेत. हत्ती, केळीची झाडं आणि ओळीनं चाललेली पिवळी बदकं. आपल्या पन्हाळ्याला मी नावं ठेवणार नाही. पन्हाळा लढायचा किल्ला. पण ज्या राजानं किल्ल्याच्या भिंतीवर बदकं काढायला लावली, तो मला आवडला.

समायरा नावाची ती बाई आधीच येऊन धुक्यावर चिडली होती. "लाइट ही नहीं है यार." तिशीची असेल. गार्गीला तिनं मिठी मारली, मला नमस्ते केला आणि गार्गीचा अंबाडा स्वतःच्या हातानं ठीक केला. कॅमेरावाल्यानं तिकाटणं मांडलं, तोच पहारेकरी आला.

"स्टैंड नहीं चलेगा। परमिशन है?"

"भैया, हम बस सोशल मीडिया के लिए..."

"परमिशन?"

नव्हती! एका मुलीला विनापरवाना चार वाक्यं बोलली म्हणून घरी बसवणारी कंपनी, तिची माफी घ्यायला विनापरवाना किल्ल्यावर आली होती. मी मोठ्यानं हसले. कॅमेरावाल्यानं तिकाटणं आवरलं आणि कॅमेरा हातात धरला.

मला राहवेना. माझं हिंदी कोल्हापुरी, तरी मी समायराला म्हटलं, "बेटा, ये लडकी को शिक्षा काय के लिए देते हो?"

"आंटी, शिक्षा तो हम सबको देते हैं," ती गोड हसून म्हणाली. "हर छह महीने में रिफ्रेशर होता है।"

मी तिच्याकडं बघतच राहिले. मग गार्गीनं कानात सांगितलं, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. पण मला तरी काही चुकल्यासारखं वाटलं नाही. त्या कंपनीत दोन्हींत फार फरक असेल, असं दिसत नव्हतं.

शूटिंग सुरू झालं. गार्गी भिंतीकडून चालत यायची, वळायची, हसायची आणि बोलायची. माझं शहर, माझी कंपनी, माझं कुटुंब. ते हसू पहिल्या फटक्यात आलं. मापातलं, झळझळीत. मी वॉर्डात बायकांना वेदना सोसताना पाहिलंय, पण इतकं चांगलं सोसताना पाहिलं नव्हतं. फक्त एक वाक्य दर वेळी गळत होतं.

"गार्गी, वो लाइन," समायरा म्हणाली. "उस दिन मुझे गलतफ़हमी हुई थी। बस इतना।"

"वो नहीं बोलूंगी, मैम। बाकी सब ठीक है। मैं ये भी बोल दूंगी कि वीडियो डालने से पहले मुझे कंप्लेंट करनी चाहिए थी। पर गलतफ़हमी नहीं हुई थी।"

"पता है यार, पर..."

समायरा थांबली. कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली केला.

"पता है?" गार्गीनं विचारलं. अगदी हळू. "आपको पता है, मैम?"

कुठल्या तरी शाळेची सहल आमच्या मागून गोंगाट करत गेली. समायरानं स्वतःच्या फोनकडं पाहिलं, मग दूर, मग पुन्हा फोनकडं. "मैं तो बस कंटेंट देखती हूं," ती म्हणाली. या वाक्याला मी आयुष्यात खूप वेळा भेटलेय. मी फक्त बिल बघतो. मी फक्त सही करते. प्रत्येकाच्या हातात एवढा छोटा तुकडा की कुणाचेच हात खराब होत नाहीत.

"मग हे कंटेंट घरी घेऊन जा," मी सरळ मराठीतच म्हटलं. तिला ते चांगलं समजलं.

तिनं बाजूला जाऊन वरच्या कुणाला तरी फोन केला. परत आली ती पडलेल्या आवाजात. ते वाक्य नसेल तर व्हिडिओ नको, आणि व्हिडिओ नसेल तर कामावर हजर होणं नाही. गार्गीनं नकारार्थी मान हलवली. मग ती गणवेशातच बदकांच्या भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. धीट बाईसारखी नाही रडली. नोकरी गेलेल्या मुलीसारखी रडली, नाक पुसत. मी शेजारी बसले. पिशवीत गजक होतं, ते आम्ही खाल्लं.

दाल बाज़ार

किल्ला उतरून आम्ही घरी न जाता सरळ विनायकरावांच्या ऑफिसात गेलो. खाली डाळीची, गुळाची पोती, हमालांची आरडाओरड, वर जिन्यात हिंगाचा वास. त्यांनी मुलीचा चेहरा पाहिला आणि समोर बसलेल्या पक्षकाराला उद्या यायला सांगितलं.

"बोल," ते म्हणाले. "सुरुवातीपासून बोल. मी लिहितो."

तिनं सांगितलं, त्यांनी समितीकडची तक्रार लिहिली. मधे एकदा त्यांचा हात थांबला, चष्मा काढून पुसला, पुन्हा लिहायला लागले. उषावन्सं घरून डबा घेऊन आल्या. त्यांनी त्या कागदाकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "त्या सीनियरचं नाव पण लिहा. हसत हसत सांगितलं, ते पण लिहा."

तक्रार त्याच दुपारी गेली.

पुढचं मी परतल्यावर घडलं, पण वाचणाऱ्याला ताटकळत ठेवायचं कारण नाही, इथंच सांगते. समितीनं गार्गीला दाना ओलीतल्या तिच्या खोलीतूनच व्हिडिओवर ऐकलं. विमानातल्या आणखी एका मुलीनं साक्ष दिली. त्या माणसाला काही महिने त्या कंपनीच्या विमानात बंदी झाली. काही महिने! हात परत वळवळायला लागेपर्यंत. सीनियरला समज दिली गेली. गार्गीला व्हिडिओबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि कामावर घेतलं. ताकीद तिनं सही करून घेतली. मी फोनवर विचारलं, "राग नाही आला?" तर म्हणाली, "आला ना मामी. पण आता राग ठेवून पण उडता येतं." ती पूर्वीसारखे अंबाड्याचे रील करत नाही. महिला दिनाला समायराचा तिला मेसेज आला, एक छोटासा व्हिडिओ देशील का, "हमारी बेटियां" म्हणून. गार्गीनं उत्तर पाठवलं, कामाबद्दल काही टाकायला मला मनाई आहे. खाली हसरा चेहरा सुद्धा नाही.

हळदीकुंकवाच्या बाई आता सर्वांना सांगतात म्हणे, मी तर आधीपासून तिच्या बाजूनंच होते.

परतीची वाट

परतताना विनायकरावांनी हट्टानं मला दिल्लीहून पुण्यापर्यंत विमानाचं तिकीट काढून दिलं. उषावन्संनी गजकाचे इतके डबे दिले की चटणीच्या मोकळ्या बरणीतही गजक भरलं. निरोप घेताना गार्गी वाकली आणि उठताना म्हणाली, "मामी, ती चप्पल अजून तिथंच आहे, बाड्यावर. मी बघून आले."

विमान दुसऱ्याच कुठल्या कंपनीचं होतं. माझी जागा मधली. खिडकीशी एक बाई झोपलेली, दुसऱ्या बाजूला, वाटेकडच्या जागेवर, कोट घातलेला चाळिशीचा माणूस. पाण्याची ट्रॉली घेऊन एक मुलगी येत होती. गार्गीहून लहानच असेल. ती आमच्यापर्यंत पोचली, वाकली, पुढच्या रांगेत कुणाला तरी पेला देऊ लागली. तेव्हा या माणसानं फोन छातीशी धरून थोडा तिरपा केला. मला पडदा स्पष्ट दिसत होता. त्यात ती मुलगी होती, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. चेहरा नव्हता. त्यानं बोटांनी चित्र आणखी जवळ आणलं. तिला ते कळलं होतं. कारण ती न वळता जरा सरळ झाली आणि पदर नसलेल्या गणवेशावर तिनं कोपर आडवं घेतलं. हसू मात्र जागेवरच होतं.

हिनं काय टाकायचं, काय नाही, यावर कंपनीची पॉलिसी असणार. या माणसासाठी कसलीही पॉलिसी नव्हती. त्याला बघून सगळ्या विमानात एकही माणूस हलला नाही.

मी माझा हात त्याच्या फोनसमोर धरला. मोठा हात आहे माझा, इंजेक्शनं देऊन देऊन कडक झालेला.

"क्या कर रही हैं आंटी?" तो म्हणाला. "मैं तो बादल ले रहा हूं।"

"बादल?" मी सगळ्या रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "खिडकी इस बाजू है।"